गॅरेज सवाल-जवाब : क्रँकची पुली काढायची कशाने?

प्रश्न : दादा नमस्कार. माझी जुनी पेट्रोल गाडी आहे, क्रँकचं (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) पुढचं ऑइल सील (तेल अडवणारी रिंग) गळतंय म्हणून घरीच बदलायला घेतलंय. त्यासाठी क्रँकच्या टोकाची, बेल्ट फिरवणारी पुली आधी काढावी लागते, म्हणून तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) आणला, पण मधला बोल्टच सुटेना, जोर लावला की इंजिनच फिरतं. पुलीच्या मधोमध सहा कोनी खड्डा आहे, फोटो पाठवलाय. अजून काय घेऊ?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पुलर परत घेत असतील तर आधी तो देऊन या! फोटोतला खड्डा होंडाच्या बऱ्याच पुल्यांना असतो तसला दिसतोय, तो 50 मिमीचा असतो आणि तो मुद्दाम दिलाय, त्यात बसणारा होल्डर मिळतो, मधे भोक असतं त्यातून सॉकेट आत जातो, म्हणजे होल्डरने पुली धरायची आणि सॉकेटने बोल्ट फिरवायचा. होल्डरचा दांडा जमिनीला नाहीतर जाड लोखंडाला टेकवा, हातात धरायच्या भानगडीत पडू नका. ह्या पुल्या क्रँकच्या खाचेतल्या चावीवर (लोखंडी पट्टीवर) सरकून बसतात, बोल्ट निघाला की बहुतेक वेळा हाताने हलवत हलवत बाहेर येतात, पुलर लागतच नाही.

सॉकेट बहुधा 19 चा लागेल, पण इम्पॅक्टवाला (दणके सोसणारा जाड), अर्धा इंच ड्राइव्हचा आणि सहा कोनीच घ्या, बारा कोनी घेतलात तर बोल्टचे कोपरे गेले म्हणून समजा. एक्स्टेन्शन लांब असेल तर त्याच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक स्टँड ठेवा, नाहीतर पाइप घालून दाबलं की सगळं तिरकं होऊन निसटतं आणि बोटं फुटतात (माझी फुटलीत).

बोल्टवरचा पान्हा कशाला तरी अडकवून स्टार्टर मारून बोल्ट सोडवायची आयडिया कोणी ना कोणी देईलच, ती ऐकू नका. होंडाची काही जुनी इंजिनं उलटी फिरतात, तिथे बोल्ट सुटायच्या ऐवजी अजून आवळतो. इंजिन सुलटं फिरणारं असलं तरी पान्हा सुटून उडाला तर काय होईल ते सांगायला नको.

आणि पुलर वापरायचीच वेळ आली तर बाहेरच्या कडेला पाय अडकवायचे नाहीत!! बऱ्याच पुल्या म्हणजे आतला हब (क्रँकवर बसणारा मधला भाग), बाहेरची रिंग आणि मधे रबर. कडेला ओढलं की रबर फाटतं. मी शिकत असताना हेच केलं, पुली निघाली खरी पण रिंग हबवरून सरकली होती, ते कळलं बेल्ट चिरकायला लागल्यावर, नवी पुली माझ्याच पगारातून गेली. हबला आट्यांची भोकं असतील तर त्यात बोल्ट लावून ओढणारा पुलर घ्या, नसतील तर हबच्या मागे अडकणारा. पुलरचा स्क्रू थेट क्रँकच्या आट्यांवर टेकवू नका, मधे ठोकळा ठेवा.

प्रश्न : डिझेल जीपची पुली टाइट बसते. मेकॅनिक हातोडीने ठोकून बसवतो. चालतं का?

उत्तर : नाही चालत. ठोकलेला प्रत्येक दणका क्रँकच्या थ्रस्ट वॉशरला (क्रँकला पुढेमागे सरकू न देणारी चकती) जातो. पुलीच्या स्वतःच्याच बोल्टने ओढून बसवणंही वाईट, सुरुवातीला त्याचे दोन-चारच आटे पकडलेले असतात, ते सोलले तर क्रँक बाहेर काढायची वेळ येते. इन्स्टॉलर मिळतो, त्याचा स्टड क्रँकमध्ये खोलवर आवळायचा आणि मग बेअरिंग लावलेला नट फिरवत पुली आत न्यायची. सीलच्या ओठाला थोडं ऑइल लावा, हबवर सीलने खाच पाडलीय का ते नखाने चाचपून बघा, खाच असेल तर नवं सीलही गळणार.

शेवटचं आवळणं टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पान्हा), इम्पॅक्ट गनने नाही. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या, काही इंजिनांत आधी टॉर्क आणि मग अंशांत फिरवायचं असतं, तिथे बोल्ट बहुतेक वेळा नवाच टाकायला सांगितलेला असतो.