वाचकांचे प्रश्न : एका मोसमाचा पिचर

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून शाळेच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा खेळाडू, आहे. त्याने मला मार्क फिड्रिच या अमेरिकन पिचरचे जुने चित्रीकरण दाखवले. एका वर्षी साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेला हा तरुण पुढे दिसेनासा का झाला? तो केवळ नशिबाचा खेळ होता का? हे विचारण्याचे कारण असे की, शाळेच्या प्रत्येक सामन्यात चेंडू माझ्याच मुलाच्या हाती दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो डाव्या हाताने केस विंचरताना दिसतो. विचारले तर ‘काही नाही’ म्हणतो.
– चादरीच्या कारखान्यातील एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला मुलगा डाव्या हाताने केस विंचरतो, म्हणजे चेंडू टाकणारा हात वर उचलताना त्याला त्रास होत असावा; हे आपण टिपलेत याचे मला फार मोल वाटते, कारण फिड्रिचच्या बाबतीत नेमके हेच, म्हणजे खांद्याच्या आत काय चालले आहे हे, वेळेवर कोणाला कळले नाही.

१९७६ च्या मोसमाच्या आरंभी डेट्रॉइट टायगर्स संघातल्या या एकवीस वर्षांच्या पोराचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १५ मे रोजी क्लीव्हलँडविरुद्ध त्याला पहिल्यांदा सुरुवातीपासून चेंडू टाकायला मिळाला आणि सहा डावांपर्यंत प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका साधता आला नाही. चेंडू टाकण्याआधी गुडघ्यांवर बसून तो मधल्या उंचवट्यावरची माती दोन्ही हातांनी सारखी करी आणि चेंडूशी बोलत असल्यासारखा पुटपुटत राही. २८ जूनला न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचा सामना देशभर दूरचित्रवाणीवर दाखवला गेला; तो जिंकल्यावर फिड्रिच पुन्हा मैदानात येईपर्यंत प्रेक्षक जागचे हलले नाहीत. मोसमाअखेर त्याच्या नावावर १९ विजय आणि ९ पराभव होते. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळल्या तर नऊ डावांमागे त्याने सरासरी २.३४ धावा दिल्या होत्या, आणि ही त्या वर्षीची अमेरिकन लीगमधील, म्हणजे तिथल्या दोन सर्वोच्च साखळ्यांपैकी एकीतील, सर्वोत्तम कामगिरी होती.

आपण विचारलेला नशिबाचा भाग मी पूर्णपणे नाकारणार नाही. सुमारे २५० डावांत त्याने केवळ ९७ फलंदाज स्वतःच्या चेंडूंवर थेट बाद केले; उरलेले बहुतेक बळी चेंडू खालच्या उंचीवर टाकून, फटका क्षेत्ररक्षकांच्या हाती जाईल असे पाहण्यातून मिळाले, आणि असे फटके दर वर्षी क्षेत्ररक्षकांच्या हातातच जातील असे नाही. म्हणजे पुढच्या वर्षी आकडे थोडे उतरले असते, पण चार वर्षांत कारकीर्द संपली नसती. ती संपवली खांद्याने.

त्या वर्षी सुरुवातीपासून खेळलेल्या २९ सामन्यांपैकी २४ सामने त्याने शेवटपर्यंत एकट्याने टाकले. पुढच्या वर्षी मोसमपूर्व सरावात झेल घेताना त्याचा गुडघा दुखावला व शस्त्रक्रिया करावी लागली. पिचरचा जोर पायांतून व कमरेतून वर चढतो आणि शेवटी हातात येतो. गुडघा कच्चा असला की तो भार खांद्यावर पडतो. परतल्यावर तो काही आठवडे झकास खेळला, आणि मग जुलै १९७७ मध्ये बाल्टिमोरविरुद्धच्या सामन्यात हात एकाएकी मेल्यासारखा झाला. त्यानंतरच्या तीन मोसमांत मिळून त्याला चारच विजय मिळाले. १९८० नंतर तो सर्वोच्च पातळीवर खेळला नाही. एकूण हिशेब २९ विजय, १९ पराभव. त्याच्या खांद्यातील रोटेटर कफ फाटला आहे, हे निदान झाले १९८५ मध्ये, म्हणजे खेळ सोडल्यानंतर.

रोटेटर कफ म्हणजे दंडाच्या हाडाचा गोल माथा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा. चेंडू सुटल्यानंतर वेगाने पुढे झेपावणाऱ्या हाताला आवर घालण्याचे कामही बरेचसे तेच करतात. आपल्या मागावर ताण्याचा धागा तुटला, तर कारागीर माग थांबवून गाठ मारतो. इथे धागे आतल्या आत झिजतात आणि दिसत मात्र नाहीत.

आता मुलाविषयी. अमेरिकेतील बेसबॉल संघटनांनी मुलांसाठी ठरवलेल्या मर्यादांनुसार पंधरा-सोळाव्या वर्षी एका दिवसात ९५ हून अधिक चेंडू टाकायचे नसतात आणि ७६ वा त्याहून अधिक टाकल्यास चार दिवस पूर्ण विश्रांती द्यायची असते. थकलेला पिचर त्याच सामन्यात कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, म्हणूनही उभा करू नये, असेही त्यांचे सांगणे आहे. शाळकरी संघात एकाच चांगल्या हातावर सारी भिस्त ठेवण्याचा मोह प्रशिक्षकाला होतो, हे मी समजू शकतो, तरी मला ते मुळीच मान्य नाही. पार्क मैदानावर सराव असो वा सामना, आपण स्वतः एक छोटी वही घेऊन बसा, चेंडू मोजा आणि तो आकडा प्रशिक्षकांसमोर नम्रपणे ठेवा.

मात्र त्याआधी या आठवड्यातच त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि त्यांनी सांगेपर्यंत चेंडू टाकणे पूर्ण बंद ठेवा. तपासणीत त्याने ‘काही नाही’ म्हटले, तर केस विंचरण्याची गोष्ट आपणच डॉक्टरांना सांगा.