हवामान बदल : लोकांना चिंता आहे, मग उपायांना विरोध का?

प्रश्न : मला या विषयाची काळजी वाटते, पण आजूबाजूला कोणी त्याबद्दल बोलताना दिसत नाही. बहुतेकांना हवामान बदलाचे सोयरसुतक नाही, असेच समजायचे का?

तसे समजणे हीच या विषयातील सर्वांत व्यापक चूक आहे आणि ती मोजली गेली आहे. 125 देशांतील सुमारे 1 लाख 30 हजार लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2024 साली 'नेचर क्लायमेट चेंज' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हवामान बदल रोखण्यासाठी आपल्या मासिक उत्पन्नातील एक टक्का रक्कम देण्याची तयारी 69 टक्के लोकांनी दाखवली आणि सरकारने आणखी पावले उचलावीत, असे 89 टक्के लोकांनी सांगितले. मात्र 'तुमचे किती देशबांधव असा एक टक्का देतील?' या प्रश्नावर त्याच लोकांचा अंदाज सरासरी 43 टक्क्यांवरच थांबला. अमेरिकेत 2022 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही हेच दिसले. तेथे प्रमुख हवामान धोरणांना 66 ते 80 टक्के लोकांचा पाठिंबा होता, पण तो 37 ते 43 टक्केच असेल, असे लोकांना वाटत होते.

असे होण्याचे कारण समजायला अवघड नाही. विरोध करणारे थोडे असले तरी मोठ्याने बोलतात, आणि ज्यांना पटलेले असते ते 'उगाच वाद नको' म्हणून गप्प राहतात. ही शांतता पाहून प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असा निष्कर्ष काढतो आणि स्वतःही गप्प बसतो. याचा परिणाम मनापुरता राहत नाही, कारण इतर लोक वाटा उचलतील असा भरवसा असेल, तरच आपण वाटा उचलावा असे बहुतेकांना वाटते.

प्रश्न : पाहणीत एवढे लोक होकार देतात, तर प्रत्यक्ष मतदानात हवामानविषयक कायदे का पडतात? पाहण्याच खोट्या आहेत का?

पाहण्या खोट्या नसतात, पण त्यांत विचारलेला प्रश्न आणि मतपत्रिकेवरचा प्रश्न वेगळे असतात. 'सरकारने काही करावे का?' या प्रश्नाला होकार द्यायला काही खर्च पडत नाही. 'इंधनावर इतका कर बसवावा का?' असे विचारले की माणूस आपल्या खिशाचा आणि शेजाऱ्याच्या खिशाचाही हिशेब करतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कार्बन उत्सर्जनावर पैसे आकारण्याचे प्रस्ताव 2016 आणि 2018 अशा दोन्ही वेळा मतदारांनी फेटाळले.

स्वित्झर्लंडचे उदाहरण अधिक बोलके आहे. जून 2021 मध्ये इंधन आणि विमानप्रवास महाग करणारा कायदा 51.6 टक्के मतांनी नाकारला गेला. अवघ्या दोन वर्षांनी, जून 2023 मध्ये, त्याच देशाने 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषून घेण्याचे) उद्दिष्ट ठरवणारा कायदा 59.1 टक्के मतांनी स्वीकारला. दोन वर्षांत स्विस नागरिक काही पर्यावरणवादी झाले नाहीत. दुसऱ्या कायद्यात नवा कर नव्हता आणि घरातील जुन्या तापन यंत्रणा बदलण्यासाठी अनुदान होते, हा मोठा फरक होता.

'ओईसीडी' या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी इतर संशोधकांसह 20 देशांतील 40 हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांतून पाठिंबा ठरवणाऱ्या तीन गोष्टी वेगळ्या काढल्या : उपायाने उत्सर्जन खरोखर घटेल का, गरिबांवर त्याचा बोजा पडेल का आणि माझ्या घराचे काय होईल. माझ्या मते यांतली दुसरी गोष्ट धोरणकर्ते सर्वांत कमी ओळखतात. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2018 पासून पिवळ्या जॅकेटवाल्यांचे आंदोलन पेटले, ते इंधनकराच्या वाढीवरून. मोटारीला पर्याय नसलेल्या गावांतील लोकांना ती वाढ अन्यायाची वाटली. कराचे पैसे लोकांना परत दिले, तरी ते दिसावे लागतात. स्वित्झर्लंडमध्ये घर तापवण्याच्या इंधनावरील कराचा मोठा हिस्सा आरोग्य विम्याच्या हप्त्यात सूट म्हणून परत मिळतो, पण अनेक नागरिकांना त्याचा पत्ताच नसतो.

अनुभव आल्यावर मत बदलते, हेही येथे सांगायला हवे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोममध्ये 2006 साली शहरात येणाऱ्या वाहनांवर प्रायोगिक शुल्क लावले गेले, तेव्हा बहुतेकांचा त्याला विरोध होता. रस्ते मोकळे झालेले पाहिल्यावर त्याच वर्षीच्या सार्वमतात शहरवासीयांनी शुल्काच्या बाजूने कौल दिला आणि पुढील काही वर्षांत पाठिंबा आणखी वाढला.

प्रश्न : लोकांना विज्ञान नीट समजावले, तर हा विरोध मावळेल का?

थोडाफार मावळेल. शास्त्रज्ञांमध्ये जवळपास एकमत आहे, हे कळल्याने मत थोडे सरकते. परंतु 2012 मधील एका अमेरिकी अभ्यासात ज्यांना विज्ञान आणि आकडेवारी अधिक कळते, त्यांच्यातच सांस्कृतिक मूल्यांच्या गटांनुसार मतांची दरी अधिक रुंद आढळली. हुशारी आपल्या गटाची बाजू मांडण्यासाठीही वापरता येते.

प्रश्न : भीतीदायक चित्र उभे केले, तर लोक जागे होतील, असे मला वाटते. आपले मत?

63 देशांतील 59 हजारांहून अधिक लोकांवर केलेला एक प्रयोग 2024 साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा भयसूचक मजकुराचीही कसोटी लागली. तो वाचलेल्यांनी समाजमाध्यमांवर माहिती अधिक प्रमाणात पुढे पाठवली, पण झाडे लावली जावीत म्हणून स्वतः कंटाळवाणे काम करण्याची वेळ आली, तेव्हा त्यांचा सहभाग घटला. मजकूर पुढे पाठवणे हेच उद्दिष्ट असेल, तर भीती चांगले काम करते.

प्रश्न : वडील हवामान बदल ही थाप आहे असे म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू का?

आपण वाद घालण्यापेक्षा घरात शाळकरी मूल असेल, तर त्याला बोलू द्यावे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात शाळांमधून मुलांना हवामान बदल शिकवला, तेव्हा त्यांच्या पालकांचीही चिंता वाढली. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सर्वाधिक बदल दिसला तो रूढीवादी राजकीय मतांच्या पालकांमध्ये आणि वडिलांमध्ये. आणि मुलांपेक्षा मुलींचे बोलणे अधिक परिणामकारक ठरले.