वाचकांचे प्रश्न : गर्दीच्या पेठेत पोलिसांची मोटारसायकल

प्रश्न : आमच्या गावच्या मुख्य पेठेचा रस्ता जेमतेम पंधरा फुटांचा आहे. दोन्ही बाजूंना भाजीवाले बसतात आणि संध्याकाळी तर माणसाला माणूस लागून चालावे लागते. गेल्या महिन्यात गस्तीवरची पोलिसांची मोटारसायकल या गर्दीतून इतक्या जोरात गेली की तिच्या हँडलचा धक्का लागून माझ्या पत्नीच्या हातातली पिशवी उडाली आणि टोमॅटो रस्ताभर पसरले. सायरन नव्हता, दिवाही नव्हता. ठाण्यात चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "काका, आमची पोरं ट्रेनिंग घेतलेली आहेत, काळजी करू नका." प्रशिक्षण घेतलेल्या पोलिसाला असा वेग घेण्याची मुभा कायद्यात आहे काय? — एक ज्येष्ठ नागरिक

उत्तर : आपल्या प्रश्नाला दोन बाजू आहेत, एक कायद्याची आणि दुसरी कौशल्याची. कायद्याची आधी घेतो, कारण ती लवकर आटोपते. मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 112 कोणत्याही व्यक्तीला ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालवण्यास मनाई करते. त्या कलमात लष्करी सरावातील वाहनांसाठी सूट आहे. पोलिसांचा उल्लेख नाही. रस्त्यावर वाहन कसे चालवावे याविषयीचे जे विनियम 2017 मध्ये आले, त्यांत अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांच्याबरोबर पोलिसांच्या वाहनांनाही सवलत आहे खरी, परंतु ती खऱ्याखुऱ्या आणीबाणीपुरती, दिवा आणि भोंगा चालू ठेवून आणि पुरेशी काळजी घेऊन वापरायची सवलत आहे. सायरनही नाही, दिवाही नाही आणि नेहमीची गस्त, अशा स्थितीत तिचा आधार घेता येत नाही. उलट 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 210-ब असे सांगते की या कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे आहे त्यांनीच त्याखालील गुन्हा केला, तर त्यांना त्या गुन्ह्याच्या दुप्पट दंड भरावा लागेल.

आता कौशल्याचा मुद्दा, आणि खरा वाद येथेच आहे. ठाण्यात आपल्याला जे ऐकवले गेले, तोच युक्तिवाद ब्रिटनमधील न्यायालयांपुढे कित्येक वर्षे चालला. डिसेंबर 2003 मध्ये तेथील एका पोलीस शिपायाने पहाटेच्या मोकळ्या महामार्गावर गाडी (मोटारसायकल नव्हे, मोटार) ताशी 159 मैल, म्हणजे सुमारे 256 किलोमीटर वेगाने नेली आणि वस्तीतल्या 30 मैलांच्या मर्यादेच्या रस्त्यावरही दुपटीहून अधिक वेग घेतला. नवी गाडी हाताला बसावी म्हणून सराव करत होतो, असे त्याचे म्हणणे होते. तो उत्तम प्रशिक्षित आहे हे मानून पहिल्या न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडले. वरच्या न्यायालयाने खटला पुन्हा चालवायला लावला. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने चालकाचे विशेष कौशल्य विचारात घेता येते असे म्हटले. आणि 2009 मध्ये अपील न्यायालयाने दुसऱ्या एका पोलिसाच्या प्रकरणात नेमके उलटे सांगितले, की कसोटी ही काळजीपूर्वक वाहन चालवणाऱ्या सक्षम चालकाचीच राहील, विशेष कौशल्य तिच्यात धरले जाणार नाही. पुढे 2022 मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा बदलला. आता कामावर असलेल्या प्रशिक्षित पोलिसाची तुलना सामान्य चालकाशी न करता तेच प्रशिक्षण घेतलेल्या दुसऱ्या काळजीपूर्वक पोलिसाशी केली जाते. माझ्या मते हा बदल रास्त आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. प्रशिक्षण हे तेथे माफीपत्र झालेले नाही. ते मोजपट्टी झाले आहे. गर्दीत कोठे वेग सोडायचा हे ज्याला शिकवले आहे, त्याने तो सोडला नाही, तर त्याची बाजू सामान्य माणसापेक्षा लंगडी पडते.

आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी रस्त्याचे गणित राहतेच. समजा, दोन गाड्यांच्या फटीतून एक मूल मोटारसायकलपुढे दहा मीटरवर आले. ते दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत चांगल्या चालकालाही पाऊण सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी आपल्या मूळ वेगानेच पुढे जात असते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात ती साडेबारा मीटर जाईल, म्हणजे ब्रेकला पाय लागण्यापूर्वीच मूल गाडीखाली. ताशी 30 ला सव्वासहा मीटर जातील आणि कोरड्या डांबरावर उत्तम ब्रेक लावला, तर धडक ताशी 18 किलोमीटरच्या आसपास होईल. ताशी 20 ला मात्र गाडी मुलाच्या तीन मीटर अलीकडे थांबते. 125 सीसीच्या वरच्या नव्या मोटारसायकलींना आता एबीएस सक्तीचे आहे आणि त्यामुळे चाक जाम होऊन गाडी घसरण्याचा धोका कमी होतो, पण एबीएस काय आणि हातातले कसब काय, ही दोन्ही कामाला येतात ती ब्रेक दाबल्यानंतरच. प्रशिक्षणाने चालकाची चूक कमी होते. मुलाने धावत यायचे की नाही, म्हाताऱ्या माणसाने मध्येच थांबायचे की नाही, हे चालकाच्या हाती कधीच नसते.

नगरपालिका हद्दीत मोटारसायकलला केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार कमाल 60 किलोमीटरची मर्यादा आहे, पण ती कमाल आहे. पेठेसारख्या ठिकाणी राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी कलम 112 खालीच ती खाली आणू शकतो आणि तसा फलक लावू शकतो. रस्ता सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही, पादचारी आणि वाहने जेथे एकत्र येतात तेथे ताशी 30 ची मर्यादा असावी, असे म्हटलेले आहे. आपल्या पेठेला मला तीही जास्त वाटते.

तक्रार लेखी करावी. तारीख, वेळ, जागा आणि गाडीचा क्रमांक लिहून ती जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात द्यावी व पोच घ्यावी. महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, परंतु ते गंभीर दुखापत, कोठडीतील मृत्यू अशा प्रकरणांसाठी असल्याने टोमॅटोंसाठी तेथे जाण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझे पती पोलीस शिपाई असून बीट मार्शल म्हणून मोटारसायकलवर गस्त घालतात. 112 या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन आला की किती मिनिटांत पोहोचलात याची नोंद होते आणि उशीर झाला की विचारणा होते. लोकांना वेग दिसतो, हे दडपण दिसत नाही. त्यांनी काय करावे? — एक वाचक भगिनी

उत्तर : आपली तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर आपल्या पतींकडे नसून वेळेची नोंद पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे आहे. तरीही एक हिशेब त्यांना जरूर दाखवावा. तीनशे मीटरची पेठ ताशी 50 ने ओलांडायला बावीस सेकंद लागतात आणि ताशी 20 ने चौपन्न. म्हणजे सारा जीव धोक्यात घालून वाचतो तो अर्धा मिनिट. तेवढा वेळ पेठेबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, दिवा लावून, कितीतरी कमी धोक्यात भरून काढता येतो. शिवाय ज्याचा फोन आला आहे त्याच्याकडे पोहोचण्याआधीच रस्त्यात अपघात झाला, तर मदतीची वाट पाहणारे दोन होतात. आणि प्रसंग ओढवलाच तर भारतीय न्याय संहितेचे कलम 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि मृत्यू झाल्यास कलम 106 (पाच वर्षांपर्यंत कैद) चालकाच्या नावावर लागते. ज्यांनी उशिराची विचारणा केली असते ते साहेब तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात नसतात, हे कडवट असले तरी सांगणे भाग आहे.

प्रश्न : पोलीस मोटारसायकलस्वार खरोखर कसबी आहे की नाही, हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : तो हळू किती चांगला चालवतो यावरून. परवान्याच्या वेळी आरटीओच्या मैदानात पाय न टेकता आठचा आकडा काढताना आपली कशी तारांबळ उडते, ते आठवा. जगभरच्या पोलीस मोटारसायकलस्वारांच्या सरावात याच कौशल्याला मोठे स्थान आहे : शंकूंच्या अरुंद वळणांतून माणसाच्या चालीने जड गाडी फिरवायची, इंजिनचा जोर एकसारखा ठेवायचा, क्लच अर्धवट धरायचा, मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवायचा आणि नजर चाकावर न ठेवता जायचे असेल तिकडे मान वळवायची. जपानमध्ये पांढऱ्या मोटारसायकलींवरच्या पोलिसांची याची राष्ट्रीय स्पर्धाही होते. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात मोटारसायकलवर मनोरा रचणारे जवान पाहून आपण टाळ्या वाजवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्यापुढे रस्ता मोकळा असतो आणि गाड्यांचा वेगही बेताचाच असतो. गर्दीत कोणी पोलीस पाय न टेकता, हॉर्न न वाजवता, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने आपल्याला ओलांडून गेला, तर त्याच्याकडे वळून पाहा. तो हाफ क्लचवर असेल.