रामापिथेकस कुठे गेला?

माणसाचं मूळ आणि जीवाश्म या विषयावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या चौघांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न : मी अनेक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. ‘रामापिथेकस हा माणसाचा आद्य पूर्वज’ असं फळ्यावर लिहून दिलं. नातीच्या पुस्तकात तो नाहीच. आम्ही चुकीचं शिकवलं का? (निवृत्त शिक्षिका, सातारा)

बाई, त्या वेळी जे माहीत होतं तेच तुम्ही शिकवलंत. ही हकीगत मला फार मोलाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1932 मध्ये येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुईस यांना शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचलातल्या हरितल्यांगरला, वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. सुळा लहान असावा आणि जबड्याची कमान माणसासारखी गोलसर असावी, असं त्यावरून वाटलं. पण जबडा अर्धाच होता, दुसरी बाजू अंदाजाने जुळवलेली. साठच्या दशकात एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम या जीवाश्म-अभ्यासकांनी त्याला मानवाच्या वंशात बसवलं आणि तो पाठ्यपुस्तकांत पोहोचला.

1967 मध्ये सॅरिच आणि विल्सन या संशोधकांनी रक्तातल्या प्रथिनांची तुलना केली. माणूस आणि आफ्रिकी कपी (चिंपांझी, गोरिला) सुमारे 50 लाख वर्षांपूर्वीच वेगळे झाले, असा हिशेब निघाला. रामापिथेकस तर त्याहून कितीतरी जुना! हाडांचे अभ्यासक हे मानायला तयार नव्हते. मग पाकिस्तानातल्या पोठोहार पठारावर शिवापिथेकस या रामापिथेकससारख्याच जुन्या कपीचा बराचसा चेहरा सापडला. डोळ्यांच्या खोबण्या उभट, त्यांच्यातलं अंतर अरुंद, ठेवण ओरांगउटानची. म्हणजे हा ओरांगउटानचा नातलग, माणसाचा पूर्वज नव्हे. 1982 मध्ये हा चेहरा जगापुढे मांडणारे होते खुद्द पिलबीम. आपलंच जुनं मत त्यांनी सोडलं. रामापिथेकसचे अवशेष आज शिवापिथेकसमध्येच धरतात. नातीला हे सगळं जरूर सांगा.

प्रश्न : मग खरा मधला दुवा दाखवा. (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

1974 मध्ये इथिओपियात हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना ‘ल्युसी’ सापडली, म्हणजे एका आदिमानवी मादीचा सांगाडा. वय सुमारे 32 लाख वर्षं, सांगाड्याचा जवळपास 40 टक्के भाग हाती. तिच्या जातीचा मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा, पण कटीचं हाड रुंद आणि बुटकं, मांडीचं हाड गुडघ्याकडे आत झुकलेलं. म्हणजे ती दोन पायांवर चालत होती. टांझानियात लाएटोलीला मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली पावलं मिळाली, ती 36 लाख वर्षांहून जुनी. अंगठा आपल्यासारखाच, बाकीच्या बोटांच्या रांगेत. माणूस आधी चालू लागला, मेंदू मागाहून वाढला. मला तर ही पावलं कुठल्याही कवटीपेक्षा जास्त हलवून जातात.

प्रश्न : पिल्टडाउन मानव बनावट निघाला. मग बाकीच्यांवर विश्वास का ठेवायचा? (वाचक, पणजी)

इंग्लंडमध्ये 1912 साली माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेला जबडा एकत्र खपवला गेला. 1953 मध्ये ही लबाडी रासायनिक तपासणीने उघड केली, तीही जीवाश्मांच्याच अभ्यासकांनी. हदारसारख्या ठिकाणी हाडांच्या वरखाली असलेल्या राखेच्या थरांचं वय मोजता येतं, आणि ल्युसीच्या जातीचे तर शेकडो अवशेष मिळाले आहेत.

प्रश्न : भारतात काहीच नाही का? (वाचक, नागपूर)

आहे, आणि तुमच्या शेजारच्या राज्यातच. 1982 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा इथे, नर्मदेकाठच्या खडीच्या थरात, कवटीचा वरचा भाग मिळाला. त्यांनी तो होमो इरेक्टसचा, म्हणजे आपल्याआधीच्या एका मानवजातीचा, मानला. इतर काहींना तो त्यापुढच्या टप्प्यातला वाटतो. कवटीबरोबर ना जबडा मिळाला, ना दात, आणि अर्ध्या हाडावरून घाई केली की काय होतं ते बाईंच्या उत्तरात आलंच आहे. त्या काठावर आणखी खोदायला हवं.