साडेसहा हजारांचं कटर मशीन घ्यावं का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गुहागरजवळ दीड एकर बाग, पावसाआधी सरपणाची बेगमी करायची, वाळक्या फांद्या तोडायच्या, आणि 58 सीसीचं, 22 इंची पातीचं (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी) चेनसॉ साडेसहा हजारांत मिळतंय. घ्यावं का?

घ्या. फक्त पाती 18 इंची मागा, आणि दीडेक हजार वेगळे काढून ठेवा. एक जादा चेन, दोन गोल कानशी, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. हे नसेल तर मशीनही घेऊ नका.

घरच्या बागेत मांडीपेक्षा जाड लाकूड कितीदा कापायचं असतं? लांब पातीचं टोक कुठे पोचलंय याचं भान सुटतं, आणि त्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन उसळून थेट तोंडावर येतं. म्हणून दुकानातच सुरू करून पुढच्या मुठीसमोरचा ब्रेकचा दांडा पुढे ढकलून बघा, चेन तिथल्या तिथे थांबली पाहिजे. शिडीवर चढून तर चालवूच नका, उंचावरच्या फांदीला कोयता आहे. अंगणापुरतंच काम असेल तर विजेवरचं मशीन बरं, पण बागेत शंभर फूट वायर ओढलीत की व्होल्टेज पडतं आणि मोटार तापते. आणि हो, आंबा-फणस बुंध्यातून तोडायचा तर 1964 च्या वृक्षतोड अधिनियमाप्रमाणे परवानगी लागते, झाड स्वतःचं असलं तरी.

मी माझं मशीन 2020 च्या जूनमध्ये घेतलं. निसर्ग वादळ होऊन गेलं होतं आणि आमच्या श्रीवर्धनकडे वाडीत माड-पोफळी आडव्या पडल्या होत्या. पहिला माड कसाबसा कापला, दुसऱ्याला मशीन नुसतंच धूर काढायला लागलं. फसवलं आपल्याला, म्हणून तणतणत मिस्त्रीकडे गेलो. त्याने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या शर्टाला चिकटलेला भुसा चिमटीत धरून म्हणाला, ‘हे पीठ आहे. धार असती तर ढलप्या उडाल्या असत्या.’ माडाचं खोड तंतूंचं, त्यात वाळू माखलेली, चेन अर्ध्या तासात बोथट झाली होती.

तेव्हापासून दर टाकीला धार लावतो. ओंडक्यात खाच मारून पाती त्यात घट्ट अडकवायची. चेन .325 पिचची (पिच म्हणजे दुव्यांमधलं अंतर, इंचात) असेल तर 4.8 मिमीची कानस, छोट्या लो-प्रोफाइल म्हणजे ठेंगण्या चेनला 4 मिमीची. दाताच्या माथ्यावर तिरकी रेघ असते, साधारण 30 अंशांची, तिच्या रेषेत आतून बाहेर ढकलायची आणि मागे आणताना उचलायची. करवतीसारखी पुढे-मागे घासू नका. प्रत्येक दाताला सारखेच हात, दोन म्हणजे दोनच. सुरुवातीच्या दाताला खडूची खूण करा, नाहीतर आपण कुठून निघालो तेच कळत नाही. एका बाजूचे दात जास्त झिजले की काप वाकडा जातो. चार-पाच धारांनंतर दातापुढचा ठेंगणा उंचवटाही सपाट कानशीने उतरवावा लागतो. तो दातापेक्षा 0.65 मिमी खाली हवा. त्याहून खाली नेलात तर मशीन उड्या मारतं.

चेनला जळकं ऑईल घालू नका, त्यात लोखंडाचा चुरा असतो. तेल येतंय का हे बघायला अर्ध्या रेसवर पातीचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यासमोर, न टेकवता धरा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर पातीचं भोक भुशाने बुजलंय. चेन ताणायची ती थंड असताना: खाली लोंबू नये, हाताने मात्र सरकावी. एअर फिल्टर रोज झटका, पाती दर धारेला उलटी बसवा.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल पुस्तिकेत असेल त्याच प्रमाणात. 25:1 म्हणजे लिटरला 40 मिली. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, म्हणून पावसाळ्यात ठेवताना टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मी एका जूनमध्ये भरल्या टाकीनिशी पडवीत टांगून ठेवलं. ऑक्टोबरात दोरी ओढून ओढून खांदा धरला, पण ते काही सुरू होईना. कार्बोरेटर उघडला तर आतला पडदा पापडासारखा कडक.

नवी चेन आणायला जाताना ‘18 इंची द्या’ एवढंच म्हणू नका. 18 इंचीतही 72 दुव्यांची येते आणि 74 चीही. पिच, जाडी आणि दुवे हे तिन्ही आकडे बहुतेक वेळा पातीवरच कोरलेले असतात, झिजायच्या आत त्यांचा फोटो काढून ठेवा.