रॅग्लनची घट कडेला नको, दोन टाके आत घ्या

पहिलाच रॅग्लन, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या शिलाईने बाही जोडलेला स्वेटर विणताय, तर बाहीची घट (टाके कमी करणं) अगदी कडेच्या टाक्यावर करू नका. कड वेडीवाकडी होते आणि शिवताना टाके सापडत नाहीत. कडेचे दोन टाके साधे ठेवा, त्यातला एक शिलाईत जातो आणि दुसऱ्याची रेघ वर दिसते.

सुलट बाजूच्या सुईवर (सुई म्हणजे विणीची एक ओळ) असं विणा: 2 सुलट, डावीकडे झुकणारी घट, शेवटचे 4 टाके उरेपर्यंत सुलट, 2 टाके एकत्र सुलट, 2 सुलट. परतीची सुई सगळी उलट. 64 टाक्यांवरून 40 वर यायचं तर 12 घटीच्या सुया, म्हणजे एकूण 24 सुया.

डावी घट करताना दोन टाके एकेक करून सुलट विणल्यासारखे, पण न विणता उजव्या सुईवर घ्या. मग डावी सुई दोन्हींत पुढून घालून एकत्र विणा. एक टाका उचलून पुढच्यावरून ओढायची जुनी पद्धतही चालते, पण ओढताना तो टाका ताणला जातो आणि त्या बाजूची रेघ ढिली, दातेरी दिसते. न विणता घेतलेल्यांपैकी दुसरा टाका उलट विणल्यासारखा घेतला तर घट बरीच सपाट बसते.

दोन्ही घटींची अदलाबदल केली तर टाके कडेच्या विरुद्ध झुकतात आणि पिसासारखी नक्षी उठते. जाड लोकरीत ती जास्त शोभते. गडद रंगात मात्र मेहनत वाया, काही दिसत नाही.