कांद्याचा भाव आणि दोन फासे

सिडकोतून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ६१ टक्के. लिहितात, मॅथ कच्चं आहे, गेमचं वेड लागलंय, दिवसभर कसला तरी पट काढत बसतो, परवा तो पट फाडला आणि वही जप्त केली, तर आता ड्रॉप घेऊन जेईई करवावी का? पुरावा म्हणून वहीचे चार फोटोही पाठवलेत.

साहेब, ६१ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, पण पट फाडला हे वाचून पोटात गोळा आला. नक्की काय बनवतोयस, असं एकदा तरी विचारलंत का त्याला? अख्ख्या पत्रात तसं काही दिसलं नाही.

मी फोटो झूम करून वाचले. खेळ कांद्याचा आहे. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवून धरून ठेवायचा की आत्ताच लासलगावच्या बाजारात नेऊन विकायचा. आधी भाव एका फाशावर होता, ते खोडून बाजूला लिहिलंय, "सगळे आकडे सारखेच येतात, अंदाजच लागत नाही, नुसतं नशीब". मग दोन फासे घेतलेत आणि ३६ चौकटींचा तक्ता काढलाय, त्यात ७ सहा वेळा, २ आणि १२ एकेकदाच. ही प्रोबॅबिलिटी आहे हो! अन् म्हणे मॅथ कच्चं. पुढच्या पानावर, "शेवटपर्यंत कांदा धरणाराच जिंकतोय", आणि खाली नवा नियम, दर फेरीला चाळीतला एक क्विंटल सडणार.

गेमचं वेड म्हणजे मोबाईल घेऊन पडून राहणं, हा तुमचा समज इथे लागू होत नाही. एकच चाल कायम जिंकायला लागली की खेळणाऱ्याला ठरवायला काही उरतच नाही, मग ती चाल शोधायची, नियम बदलायचा, परत चार पोरं बसवून खेळून बघायचं, स्ट्रॅटेजी गेम डिझाइनचं निम्मं काम हेच असतं आणि त्याला कागद, पेन्सिल, फासे पुरतात. कोडिंग, ग्राफिक्स नंतरची गोष्ट.

जेईईसाठी ड्रॉप? माझ्या मते नको, त्याला स्वतःला हवा असेल तर वेगळं. डिझाइनच्या पदवीसाठीच्या यूसीड आणि एनआयडीच्या (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) प्रवेश परीक्षा बारावीवर देता येतात, शाखा कुठलीही चालते, आणि एनआयडीच्या बंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचं एम.डेस, म्हणजे पदवीनंतरचं शिक्षण, आहे. स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. केलं तरी वाया जाणार नाही. पण नुसत्या गेम डिझायनरच्या जागा मोजक्याच असतात, हे त्यालाही स्पष्ट सांगा, जोडीला दुसरं काहीतरी हातात हवंच. 'कटान' हा बोर्ड गेम बनवणारे क्लाउस टॉयबर दातांच्या लॅबचं काम करायचे, १९९५ मध्ये गेम आला आणि गाजला तरी लॅब त्यांनी लगेच सोडली नव्हती.

आज संध्याकाळी वही परत द्या. आणि हो, चौथ्या फोटोत "व्यापाऱ्याने लिलाव बंद पाडला तर" असं लिहून पुढची ओळ अंगठ्याखाली झाकली गेलीय, तिथे काय नियम आहे ते त्याला विचारून मला कळवा.